गारपिटीनंतर माझ्या मोहाखाली

गारपीट झाली त्या संध्याकाळी भावजयीच्या सुनेनं फोटो पाठवला. अंगणभर पांढरं. माझी नात प्रणाली ओरडली, "आजी, तुझ्या माहेरी बर्फ पडला! काश्मीरच झालं नं!"

बर्फ कायचा, गारा होत्या. लिंबाएवढ्या. तिला फोटो काढायला जायचं होतं, मला माझं झाड पाहायचं होतं. म्हणून सकाळी निघालो. या ब्लॉगवर एरवी तीच लिहिते, या वेळी मी बोलले नि तिनं टाइप केलं. एक शब्द बदलू नको, असं बजावलं आहे.

झाडाचं आधी सांगते. माझ्या मायनं लग्नात मला दोन लुगडी, पाण्याचा एक पितळी गुंड आणि एक मोहाचं झाड दिलं. लुगडी फाटली, गुंड सुनेनं मोडीत घातला, झाड राहिलं. ते इटियाडोह धरणाच्या बाजूच्या टेकडीवर आणि मी इकडं सासरी, तिरोड्यात. आमच्या गावची रीत अशी, की लेकीचं झाड लेकीचंच. पण होळीच्या आधी तिनं स्वतः येऊन त्याच्याखालचा पाचोळा झाडायचा, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात नि वेचता येतात. तीन होळ्या ओळीनं चुकल्या, की झाड भावाच्या घरचं. गुडघ्यापायी माझ्या दोन चुकल्या होत्या. भाऊ असता तर त्यानं डोळेझाक केली असती. भाऊ गेला, आता त्याची बायको सगुणा आहे. सगुणा डोळे मिटत नाही.

मी नवा खराटा बांधून घेतला. गोंदियाच्या स्टँडवर एक बाई म्हणाली, "अम्मा, झाडू बेचने जा रही हो क्या?" मी म्हटलं, "नही बाई, अपना घर झाडने." कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमचं अर्धं तिकीट, पन खराट्याचं फुल लागते!" सारी गाडी हसली. मीही हसले. मला लाल गाडी फार आवडते, खिडकीशी बसलं की मी सोळा वर्षांची होते.

तुम्ही जाल तर कोहमाऱ्याला उतरून खाऊन घ्या. ढाब्यावर तर्री-पोहा झणझणीत मिळतो, पुढं मात्र खायला धड काही नाही. नवेगावच्या पुढं रस्ता चांगला आहे, पण आम्ही गेलो तेव्हा सागाच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. दोन्ही बाजूच्या शेतांतली लाखोळीची डाळ जमिनीला चिकटलेली, जवसाची निळी फुलं चिखलात. प्रणालीनं मोबाइल खाली ठेवला. असं कोणी पाहायला येतं का, असं तिला वाटलं असेल.

सगुणा दारातच उभी होती. "आलीस का बाई? मले वाटलं, यंदाही गुडघे आडवे येऊन राहिले."

"गुडघे आले, पन मी त्याईले संग घेऊन आली," मी म्हटलं.

गारांनी झोपवलेल्या लाखोळीचे शेंडे खुडून तिनं भाजी केली होती. चव काय सांगू! खाताना वाईट वाटत होतं आणि तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगुणाला सोबत घेऊन टेकडी चढलो. वारा असा, की पदर तोंडावर फडफडे. स्वेटर घ्या, कानाला बांधा आणि गावातलं माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका. पळसाखाली राघू मरून पडले होते. लाल फुलं आणि हिरवे राघू, एकाच चिखलात. वानरं एकमेकांना मिठ्या मारून बसली होती. रानकोंबडा ओरडला, तेवढंच बरं वाटलं.

अर्ध्या चढणीवर माझा दम संपला. प्रणाली म्हणाली, "आजी, खराटा दे इकडं. तू बस, आम्ही पुढं होतो." मी दिला. ओझं हलकं झालं म्हणून खूषच झाले.

आणि मग मला अस्वल दिसलं.

नाल्याच्या पल्याड, पाचोळ्याखाली दबलेल्या गारा अजून शिल्लक होत्या. अस्वल पंजानं पाचोळा उकरे आणि गारा चाटे. पाठीवर पिल्लू. पिल्लानं एक गार तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली. अगदी माझा लेक लहानपणी बर्फाचा गोळा खायचा तसं! वारा तिकडून इकडं होता, म्हणून त्यांना माझा वास लागला नाही. मी श्वाससुद्धा जपून घेतला. भीती वाटली, पण खोटं कशाला बोलू, आनंद जास्त होता. इतक्या वर्षांत एवढ्या जवळून नव्हतं पाहिलं. ती दोघं दिसेनाशी झाली, तरी मी बसून होते.

वर पोचले तर पल्याडच्या उतारावरून चितळांचा कळप खाली पळत गेला. माझं झाड उभं होतं. फांद्या मात्र भादरल्यासारख्या. कळ्यांचे झुपके झडून उतारावर पसरलेले, चितळं तेच खात होती. आणि झाडाखालची जमीन लख्ख. प्रणाली खराटा टेकवून, घामाघूम, हसत उभी होती.

"आजी, सरप्राइज! तुला वाकायला नको."

मी सगुणाकडं पाहिलं. ती दगडावर बसली होती.

"सगुणा, तू पाहून राहिली होतीस नं? मंग रोखलं काऊन नाही?"

"मी कायले रोखू? तुही नात, तुहा खराटा."

"मी आता झाडतो पुन्हा."

"झाडलेलं काय झाडशीन, बाई? सालातून एक डाव. हात लेकीचा पाह्यजे, लेकीच्या पोराच्या पोरीचा नाही." मग दुसरीकडं पाहत ती म्हणाली, "माह्या माहेरचं झाडही असंच गेलं. माह्या भावानं तर सांगितलंही नाही."

प्रणालीला कळलं तेव्हा तिच्या हातातून खराटा पडला. "आजी, हाताचं तू बोलली नव्हतीस." नव्हतेच बोलले. आमच्यात ते कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. वाऱ्यानं चार पानं पुन्हा खाली टाकली. मी वाकले नाही. सगुणा बघत होती.

उतरताना ती म्हणाली, "उरलीसुरली फुलं पडतीन तवा येजो. टोपलीभर नेजो. पाव्हनी म्हनून."

पाहुणी. माझ्या मायच्या टेकडीवर.

परतीच्या गाडीत प्रणाली रडली. मी तिला अस्वलाच्या पिल्लाचं सांगितलं, गार थुंकून दाखवली, तेव्हा कुठं हसली. अस्वल खरंच तसं होतं हो, जाऊन बघा. जायची चांगली वेळ हीच, फक्त गारा मागू नका.

आता खराटा तिरोड्यात, न्हाणीच्या भिंतीशी टेकवून ठेवला आहे. काड्यांत मोहाची एक कळी अडकून वाळली. सून म्हणते, एवढा चांगला खराटा, अंगणाला काढा की. काढेल तिची ती. मी तो बांधून घेतला, गाडीत मांडीवर धरून नेला, तसाच परत आणला. माझ्या हातानं तो अजून एकदाही जमिनीला लागलेला नाही.