झाइलबानमधला भाईंदरचा तांडेल

भाईंदरहून निघताना आईने माझ्या हाती सुकटीचा डबा दिला आणि एक काम सांगितलं. रसायनशास्त्र शिकायला युरोपात गेलेला माझा धाकटा भाऊ दत्तू छातीच्या दुखण्याने स्वित्झर्लंडमधल्या डोंगरावरच्या रुग्णालयात होता. पत्रात तो नेहमी ‘बरा आहे’ एवढंच लिही. आई म्हणाली, "कागदावर माझा इश्वास न्हाय. तू डोल्यानं बघून ये."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस होते. बोटीने इटली गाठली आणि तिथून आगगाडीने डोंगरात शिरलो. सकाळी खिडकीतून बर्फ दिसला आणि माझ्यातल्या मिठागरवाल्याच्या काळजात धस्स झालं. एवढा मिठासारखा माल उघड्यावर, वर झावळ्यांचा झापसुद्धा नाही!

दरीतल्या खाणावळीत वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायची पद्धत. माझा तुकडा आत हरवला. तो शोधता शोधता कोटाची बाहीही बुडाली. मालकीणबाईंनी फडकं आणून दिलं.

"रुग्णालयात कसं जायचं?" मी विचारलं.

त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. तिथे झाइलबान (तारेवरून लोंबकळत जाणारी गाडी) चालली होती. पायवाट बर्फाखाली होती, म्हणजे पळवाटही नव्हती.

सुकटीचा डबा मांडीवर घेऊन आत बसलो. बरोबर एक लठ्ठ गृहस्थ, भाजीची टोपली घेतलेल्या दोन बायका, रुग्णालयाची एक परिचारिका आणि गाडीवाला. जमीन खाली गेली तशी मी दांडी घट्ट धरली. अर्ध्या वाटेवर वारा सुटला आणि गाडी एका अंगाला कलली.

आमच्या वसईच्या खाडीत मचवा कलला की तांडेल, म्हणजे मचव्याचा म्होरक्या, ओरडतो आणि उतारूंनी उचललेल्या बाजूला सरकून बसायचं असतं. ते शिकवावं लागत नाही, अंगातच असतं. मी उडी मारली. "सरका! वरच्या अंगाला या!" असं शुद्ध मराठीत ओरडत त्या लठ्ठ गृहस्थांनाही ओढलं. गाडी दुसरीकडे झुकली. मी त्यांना घेऊन परत धावलो. झोके वाढतच गेले. टोपली सांडली, सुकटीचा डबा उघडला आणि त्या वासाने बायकांनी नाकाला रुमाल लावले. शेवटी गाडीवाल्याने माझी कॉलर धरून मला मधोमध जमिनीवर बसवलं. वरपर्यंत मी कोबीच्या गड्ड्यांत बसून प्रवास केला.

वर पोचताच दत्तू दिसला. सज्जात, कांबळीत गुंडाळलेला, फार वाळलेला. मला रडू येणार होतं. तेवढ्यात परिचारिकेने हातवारे करत त्याला सगळं सांगितलं.

"दादा," तो म्हणाला, "तू मचवा सावरत होतास?"

आणि तो हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. परिचारिकेने पाण्याचा पेला पुढे केला, मी दत्तूच्या पाठीला हात लावला. आम्ही दोघं खोकल्याची वाट पाहत होतो. तो आला नाही.

डॉक्टरांनी त्याला आणखी एक हिवाळा ठेवून घेतलं. मी एकटाच परतलो. वाटेत आल्प्सची सुरेख वर्णनं मनाशी जुळवली होती. आईने ती ओट्यावरच अडवली.

"माझा पोर कसा हाय? खरं सांग."

"खूप हसला, आई. आणि खोकला आला नाही."

ती मटकन खाली बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "कशापायी हसला? सगला सांग."

प्रवासी लोक घरी येऊन आपली मर्दुमकी वाढवून सांगतात. मी माझी फजिती वाढवून सांगितली.