काठोकाठ प्याला

झुल्हुमोरला नववा महिना लागला होता आणि अंगातलं काहीच तिचं ऐकत नव्हतं. बसलं की कंबर धरायची, उठलं की मांडीत कळ जायची, आडवं व्हावं तर जेवलेलं घशाशी यायचं. मर्गिलान गावच्या रेशीममागावर दिवसभर गाणी म्हणत राबणारी ही पोर. आता नुसती चुळबुळ उरली होती.

सासू सालोमत वाईट नव्हती, पण घरची रीत म्हणजे रीत. त्यात आज सालोमतची थोरली नणंद बशोरत आली होती. तिच्यासमोर सालोमतसुद्धा अजून डोक्यावरचा रुमाल सावरून बसायची. द्राक्षवेलीखालच्या लाकडी बैठकीवर दोघींनी बैठक जमवली आणि चहा ओतायला सून गुडघ्यांवर.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच देतात. प्याला रिकामा होऊन पुन्हा पुन्हा यावा, त्यातच त्याचा मान. भरून दिला तर अर्थ सरळ आहे: पी आणि चालू लाग. म्हणून दर दोन घोटांनी झुल्हुमोरनं पोट सांभाळत वाकायचं, छातीवर हात ठेवून प्याला पुढे करायचा, परत मागे सरकायचं. बशोरतची तहान दांडगी आणि तोंडाला तर विसावाच नाही. आपल्या बाळंतपणांच्या कहाण्या सांगताना ती चौथ्यावर आली होती. इथंच, माहेरी असताना कळा सुरू झाल्या, तरी म्हणे तिनं तंदूर पेटवला, सगळे नान भाजून काढले आणि मगच सुईणीला बोलावलं.

"आताच्या सुनांना मेलं जरा कंबर दुखली की कौतुक लागतं," ती म्हणाली.

तेवढ्यात झुल्हुमोरच्या पोटरीत गोळा आला. ही बाई एकदाची उठावी आणि आपल्याला बैठकीच्या कठड्याला पाठ टेकायला मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं. हातातली किटली कलती राहिली आणि बशोरतचा प्याला काठोकाठ भरला.

झुल्हुमोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सालोमत, तुझ्या सुनेनं मला दार दाखवलं गं," बशोरत सावकाश म्हणाली.

सालोमतनं सुनेच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. मग रुमाल न सावरताच ती बोलली. "वन्सं, तंदूर तुम्ही पेटवला होता, खरंय. पण नान मी काढले. तुम्ही आत उशीत तोंड खुपसून रडत होतात."

बशोरतनं तो भरलेला प्याला उचलला आणि फुंकत बसली.

सालोमतनं सुनेच्या हातून किटली घेतली, तिच्या पाठीशी दोन लोड सरकवले आणि नवा प्याला घेतला. छातीवर हात ठेवून तिनं तो सुनेपुढे धरला. तळाशी घोटभरच चहा होता.

झुल्हुमोरनं तो संपवला आणि रिकामा प्याला पुन्हा सासूपुढे धरला.