अक्षतेचा दाणा आणि बोरकर मॅडमचा आवाज

जिल्ह्याचे दोन भाग झाले, त्यानंतरच्या बदल्यांत मी मोहाडीच्या शाळेत रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात वर्गासाठी विज्ञानाची सीडी लावली. पडद्यावर हृदय धडधडत होते, पण आवाज नाही. शाळेचा संगणक आपल्या हातून गेला, या विचाराने मला घाम फुटला. तेवढ्यात शाळेतल्या शिक्षिका सुनंदा बोरकर मॅडम आल्या. सीडीतले पाठ त्यांच्याच आवाजातले होते.

"काहून भिऊन राहिले सर? आधी आवाज कुठं अडला, थे पाहू."

त्यांनी स्पीकरची वायर पाहिली, आवाजाची पट्टी वर केली, शेवटी इअरफोनच्या भोकात टॉर्च मारला. दसऱ्याच्या पूजेतला अक्षतेचा दाणा आत जाऊन बसला होता. इअरफोन लागला आहे, असे समजून संगणकाने स्पीकर बंद ठेवले होते. मॅडमनी संगणक बंद करून केसांतल्या पिनेने दाणा काढला.

पूजा कोणी केली, हे त्यांनी विचारले नाही. पुढच्या दसऱ्याला पूजेआधी त्या भोकावर चिकटपट्टी लावली, एवढेच. कोणाला दोष न देता काम मार्गी लावणे, हा त्यांचा स्वभाव. माझ्या पत्नीच्या बाळंतपणात मी दवाखान्याच्या पायरीवर हातपाय गाळून बसलो होतो, तेव्हा त्या डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आधी जेवा, मंग भ्या."

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि मी पुन्हा भ्यालो आहे. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली आहे. या समारंभानंतर नागपूरला ऑपरेशन आहे. आवाज राहीलच, अशी खात्री डॉक्टर देत नाहीत.

परवा मी ती सीडी शोधली. नव्या संगणकांना सीडीचा खणच नाही, म्हणून अडगळीतला जुना संगणक काढला. हृदय धडधडू लागले, आवाज नाही. वायर पाहिली, पट्टी वर केली, मग टॉर्च मारला. अडगळीतही त्याची पूजा चुकली नव्हती. मॅडम निवृत्त झाल्यापासून चिकटपट्टी लावणारे मात्र कोणी नव्हते. दाणा निघाला आणि पाठ संपताना मॅडम नेहमीसारख्या म्हणाल्या, "समजलं का? नसेल समजलं, तर पुन्हा विचारा."

मॅडम, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आम्हांला अजून पुष्कळ समजलेले नाही. आम्ही पुन्हा विचारणार आहोत, आणि सीडीला नव्हे, तुम्हांला.