रग खोटं भुंकला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्ही सरसावून बसला असाल — पोरीची भानगड असणार. नाही. चोरीमारी? तीही नाही. गोष्ट एका कुत्र्याची आहे. हसलात ना? हसा. मीही आधी हसलोच होतो, म्हणून तर सांगायची वेळ आली.

मला सगळे नकल्या म्हणतात. तुम्हीही त्यासाठीच मला ओळखता. हेडमास्तरांचा खोकला, मोरा बंदरातल्या लाँचचा भोंगा, देवळात आरतीला उशिरा येऊन सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा सोनार — काय वाट्टेल ते सांगा, काढून दाखवतो. पण एक आवाज मी आता काढत नाही. कोणी म्हटलं, अरे कुत्रा काढ कुत्रा, तर मी मांजर काढतो. लोकांना वाटतं गंमत करतोय.

तर — कुत्रा. उरणजवळच्या आमच्या गावात मिठाच्या हापिसात एक गोरा साहेब होता. माझा बाप त्याच्याकडे शिपाई. स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला निघाला आणि जाताना कुत्र्याची साखळी बापाच्या हातात देऊन गेला. जात सांगितली टेरिअर. बापाने ऐकलं टेलर. गावभर झालं, शिपायाच्या घरी शिंप्याचा कुत्रा आलाय. नाव इंग्रजीत काय ते रॅग्ज होतं, त्याचं आम्ही रग केलं. आणि ते बसलं त्याला. बादलीत मावेल एवढा जीव, तारेसारखे राठ पांढरे केस, म्हाताऱ्यासारखी दाढी — पण अंगात रग केवढी. म्हशीच्या तोंडावर जाऊन भुंकायचा. म्हैस मागे सरायची.

त्याला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. सांभाळायचं म्हणजे काय, त्याच्यामागे पळायचं. सकाळी खाजणाच्या चिखलात निवट्या माशांच्या मागे, दुपारी सुकत घातलेल्या बोंबलांच्या मागे, संध्याकाळी आईच्या शिव्यांच्या पुढे. आईच्या अळवाचा वाफा तर त्याने इतक्या वेळा उकरला की शेवटी आईने अळूच सोडलं. रोज दाढीतला चिखल विंचरायचा. कानामागच्या गोचड्या वेचायच्या. खरूज झाली तेव्हा करंजेल चोळलं, तर माझ्या अंगावर लोळून त्याने ते मलाच पुसलं. माझ्या पायथ्याशी झोपायचा, आणि झोपेतसुद्धा पाय झाडायचा — कुठेतरी उकरतच असायचा.

उकरणं ही त्याची खोड. पण आमच्या गावाने त्या खोडीचं सोनं केलं. आमची भातशेती खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध. त्या बांधात घुशी बिळं करतात. भरतीचं पाणी बिळात शिरलं, की बीळ फुगतं, फुगतं, आणि बांधाला भगदाड पडतं — त्याला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी शेतात आलं म्हणजे यंदाचं पीक तर गेलंच, पुढची दोन-तीन सालंही जमीन नीट पिकत नाही. म्हणून गावाचा कायदा होता. खांड अशी हाळी आली की घरटी एकाने फावडं आणि पेंढा घेऊन पळायचं. जेवत असलात तर उष्ट्या हाताने. हात बांधावर जाऊन धुवायचे. जो घरात हात धूत बसला, त्याला वर्षभर टोमणे.

बांधाची राखण धाया काकाकडे होती. काटकुळा, कमी बोलणारा. रग बांधावर हुंगत फिरायचा, आणि जिथं घूस असेल, पाणी झिरपत असेल, तिथे एका खास सुरात भुंकायचा. दोन तुटक — आणि मग नाकातून ओढलेला एक लांब. धाया काकाने ते पहिल्यांदा ओळखलं. रगने सूर लावला, की काका हाळी द्यायचा, गाव धावायचं, बिळात चिखल-पेंढा ठासायचं. दोन पावसाळे बांध अभंग राहिला. माणसं कुत्र्याला मानाने भाकरी टाकू लागली. आणि काका — त्याची कॉलर ताठ झाली असं म्हटलं असतं, पण तो सदराच घालत नसे.

आता तुम्हाला कळायला लागलं असेल. मला सांगायला अजून जड जातंय.

तो सूर मला येत होता. दोन तुटक आणि एक लांब. इतका हुबेहूब, की मीच चरकायचो. तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. मिसरूड फुटलेली — पोर होतो असं म्हणून सुटता येणार नाही. एका दुपारी तिवरांच्या झाडीत बसलो आणि काढला. बस. अख्खं गाव धावलं. कुणाच्या हाताला आमटी, कुणाच्या मिशीला भात, सरपंच एका पायात वहाण घालून. काय सांगू तुम्हाला — मी तोंडात रुमाल कोंबून हसलो. नकलेला लोक हसतात हा रोजचा अनुभव. पण नक्कल आहे हे कुणाला कळूच नये? असली दाद मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

म्हणून परत केलं. आणि परत.

दुसऱ्या खेपेला रग स्वतःच झाडीत आला. आपल्यासारखं कोण भुंकतंय ते बघायला. मला बघून त्याने मान तिरकी केली. मी ओठावर बोट ठेवलं. तो गप बसला. शेपूट हलवत, माझ्या शेजारी, सगळी माणसं परत जाईपर्यंत — ज्याला आयुष्यात कधी गप बसता आलं नाही, तो.

तिसऱ्या खेपेला माणसं चिडली. बांधावर पाणी नाही, बीळ नाही, नुसता तो दाढीवाला उड्या मारतोय. कुत्रा लबाड झालाय म्हणाले. भाकरीसाठी खोटं भुंकतो म्हणाले. काका एकटाच म्हणत राहिला, रग खोटा भुकत न्हाय. तर कुणीतरी त्याला विचारलं, मग काय तू खोटा ऐकतोस? सगळे हसले. मीही हसलो, त्यांच्यात उभा राहून. गावाने ठरवलं, इथून पुढे कुत्र्याच्या भुंकण्यावर कुणी उठायचं नाही. त्या दिवसानंतर मी तो खेळ बंद केला. भीती वाटली म्हणून. शहाणपण आलं म्हणून नव्हे.

मग सर्वपित्री अमावास्या आली. भात लोंबीवर होतं. अमावास्येचं उधाण भर दुपारी येतं. आमच्याकडे पितरांचं जेवण होतं, धाया काका आमच्या ओटीवर पानावर बसला होता. त्याच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मी.

आणि बांधाकडून सूर आला. दोन तुटक — एक लांब.

काकाचा हात पानावरच थांबला. बाप म्हणाला, जेव रे तू, त्याचं रोजचंच आहे. आई खीर वाढत होती. मी — माझ्या तोंडात घास होता. कळतंय ना तुम्हाला? त्या सबंध गावात फक्त एका माणसाला शंभर टक्के माहीत होतं की हे भुंकणं खरं आहे. कारण तो माणूस भुंकत नव्हता, खीर खात होता.

परत सूर आला. परत. मग तो बदलला — दबल्यासारखा, घागरीतून आल्यासारखा. तोही मी ओळखला. रग बिळात शिरून भुंकत होता. भरती चढत होती आणि तो बांधाच्या पोटात होता.

काकाने बापाकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, "पोरा, तुजा कुत्रा हाय. खरा काय रं?"

एवढंच. हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं तर? पुढचा प्रश्न येणार — मग हा खरा आणि आधीचे तीन खोटे, हे तुला कसं कळलं? तो प्रश्न कुणी विचारलाही नसता कदाचित. मी मात्र तो आधीच ऐकला. घास गिळला. आणि म्हणालो —

"लबाड आहे तो, काका. जेवा तुम्ही."

काका जेवला. मी आणखी खीर मागून घेतली. का मागितली? माहीत नाही. आई म्हणाली, आज पोराला भूक बरी लागलीय.

मग भुंकणं थांबलं. आणि थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. ज्याने एकदा ऐकलाय त्याला सांगावा लागत नाही. काका पान ओलांडून धावला. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि लोंब्या बुडत होत्या. बायका बांधावर बसून आडव्या हाताने कपाळ बडवत होत्या. कुणाच्या शेताचं नाव घेऊ? सगळ्यांचीच होती.

रग जिवंत होता. फुटलेल्या बांधाच्या कडेवर बसला होता, चिखलाचा गोळा नुसता. पुढच्या पायांची नखं उपटलेली, रक्त येत होतं. तोंडात घूस. मला बघून ती माझ्या पायाशी आणून ठेवली.

आणि गर्दीतून कुणीतरी बोललं — बघा, पायांना माती बघा. यानेच उकरला बांध.

देवळापुढे बैठक बसली. मी रगला मांडीवर घेऊन दाढीतला चिखल काढत होतो. कुणी म्हणालं, दगड बांधून खाडीत टाका. कुणी म्हणालं, धायाकडून राखण काढून घ्या, त्यानेच याला डोक्यावर चढवलं. काका उभा राहून ऐकत होता. सरपंचाने विचारलं, कुणाला आणखी काय बोलायचं आहे का. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. दोन-चार जणांनी माझ्याकडे बघितलं — आणि मी त्याची जांभई केली. चांगली झाली. मला सगळं चांगलंच जमतं.

काकाची राखण गेली. कुत्र्याचा जीव तेवढा त्याने मागून घेतला. म्हणाला, मी त्याला लांब सोडतो. दुसऱ्या दिवशी मोऱ्याला एका गलबताच्या तांडेलाकडे त्याला देऊन आला. गलबत दक्षिणेला जाणारं होतं, त्याच्यावर उंदीर फार होते म्हणे. मी बंदरावर गेलो नाही. शाळेत गेलो.

संध्याकाळी काका परतला. रिकामी साखळी आमच्या ओटीवर ठेवली. मी विचारलं, जाताना भुंकला का तो?

काका मला कधी रागावला नव्हता. त्या दिवशी रागावला. आवाज चढवला नाही, पण आईसुद्धा आतून दाराशी येऊन उभी राहिली.

"आता इच्यारतंस व्हय? मी तवा तुलाच इच्यारला व्हता. तुज्या बापाला न्हाय, गावाला न्हाय — तुला. त्याला भरवनारा तू. त्याच्या गोचड्या काढनारा तू. तू व्हय बोलला आसतास तर मी एकला उठलो आसतो, गाव हसला आसता तरी. आन तुला तुज्या कुत्र्याचा भुकना वलखता आला न्हाय? सालंत जाऊन काय शिकतंस रं?"

मी म्हटलं, "चुकलो, काका."

"चुकलासच," तो म्हणाला. "कानानं चुकलास. फुडं नीट आयकत जा."