भिंतीकडे तोंड

पनवेलच्या तहसील कचेरीसमोर एक बाई टपरीत लॅपटॉप घेऊन बसतात आणि लोकांचे कागद टाइप करून देतात. वडिलांनी मृत्युपत्राचा मसुदा त्यांच्याकडे केलाय हे कळलं, तसा मी तो गुपचूप बघायला गेलो. जमिनीचा मोठा वाटा भावाला जाणार, अशी मला शंका होती.

बाईंनी फाइल उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओळीच्या ओळी नुसती निरर्थक अक्षरं होती.

"सेव्ह केलं की आपोआप कुलूप लागतं," त्या म्हणाल्या. "टाइप करायचा प्रोग्राम मागं एक बिनकुलपाची प्रत ठेवायचा, ते पण मी बंद केलं. गिऱ्हाईक पासवर्ड टाकतं तवा मी भिंतीकडं बघते. आता मी लिवलेलं मलाच वाचता येत नाय."

हे सांगताना चेहरा कसा खुलला होता त्यांचा. मला राग यायला हवा होता, लाज वाटली.

"बाबांना विचारा की. घरातच हायत ना?"

मी कधीच विचारलं नाही. यंदा माझं मृत्युपत्र करायला मात्र त्यांच्याकडेच गेलो. थोरली मुलगी सोबत होती. पासवर्डची वेळ आली तशी बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "तू पण फिर, बाय."