डाव्या बाजूची मॅट

जावयाला नाही म्हणायचं नाही, हे आमच्या घरात देवापुढं दिवा लावण्याइतकं ठरलेलं. त्याला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. म्हणून गेल्या रविवारी जावई लेकीला घेऊन निपाणीहून आले आणि खिशातनं एक काळं यंत्र काढून म्हणाले, "मामा, एवढं गाडीत बसवून द्या. वायर तेवढी दिसाय नको," तेव्हा मी फक्त "आणा की पाव्हणं" म्हणालो.

यंत्र कसलं, तर पुढं पोलिसांनी वेग मोजायला रडार लावलं असलं तर आधीच पीं पीं करून सांगणारं. आवाज आला की पाय उचलायचा, तेवढं ठिकाण मागं पडलं की पुन्हा दाबायचा. बेळगावातच वडगावला माझं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आहे, जन्म त्यात गेला, पण असली चोराची घंटा मी कधी बसवली नव्हती. आणि आमचे जावई हायवेला गाडी कशी हाणतात ते सगळ्या पै-पाहुण्यांना ठाऊक. घर निपाणीत, त्यांचा कारखाना बेळगावात, लेक शिकवते ती शाळाही बेळगावात. रोज जा-ये एकाच गाडीतनं. लेकीला आता पाचवा महिना.

"चार शब्द बोलू काय त्यांना?" मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं.

"खबरदार!" ती उलथनं घेऊन वळली. "तुम्ही बोलून मोकळं व्हणार. मग घरी जाऊन ऐकून कुणी घ्यायचं? तिनंच न्हवं?"

तिचंही खरं होतं. गप बाहेर आलो आणि अवजारं काढली.

आता हाताला वळणच तसं. काम नावडतं असलं तरी घाण करता येत नाही. लोंबती वायर म्हणजे चड्डीची लोंबती नाडी, असं मी दुकानात सगळ्यांना सांगत असतो. यंत्र आरशामागं बसवलं. वायर पट्टीनं छताच्या कापडात दाबत दाबत डावीकडं नेली, तिथनं काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरात एअरबॅगच्या मागनं खाली उतरवली. ह्या गाडीचा फ्यूजचा डबा डाव्या सीटच्या पुढं, पायाकडं. तिथं डोकं घालून आडवा झालो, तर नाकापुढंच मॅटला भोक.

चांगलं लिंबाएवढं भोक, कडेचे धागे झिजून मऊ झालेले. उंदीर शिरलाय म्हणून मी आधी लेंड्या शोधल्या, मग वायरी चाचपल्या. कुठं काही नाही. बाकीची मॅट तर कोरी करकरीत.

मी लेकीला हाक मारली. "ये गं, जरा बस बघू हितं. पायाला वायर लागत्या काय बघ." ती येऊन बसली. जावयांनी पलीकडनं चावी फिरवली, यंत्राचा दिवा लागला. त्या खुशीत त्यांनी गाडी जाग्यावरच रेस केली. इंजिन असं ओरडलं की शेजारची कुत्री उठली.

लेकीची उजवी टाच सरळ त्या भोकात जाऊन घट्ट रुतली. अहो, गाडी आमच्या दारात उभी होती! चाक तसूभर हललं नव्हतं.

तिच्या पायाखाली ब्रेक नाही, आणि माझी पोर तो रोज जाता-येता दाबत होती.

जावई हात धुवून पोहे खायला आत गेले. मी भोकाकडं बोट केलं. तिनं पाय मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे ते आप्पा," ती यंत्राकडं बघत हळू म्हणाली. "वाजलं की तेवढं तरी हळू करतील."

"तू सांगत न्हाईस व्हय गं?"

"सांगते की. हसत्यात."

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. मॅट ओढून काढली, तशीच आत नेली आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"पाव्हणं, हे भोक बघा. तुमची बायको रोज हितं ब्रेक दाबत्या."

बायकोनं कपाळाला हात लावला. जावयांनी मॅट उचलली, उलटीपालटी केली, भोकातनं बोट आरपार घातलं. मला वाटलं, उजाडलं डोक्यात. देव पावला.

"झिजलंय की हो," ते म्हणाले. "नवी टाकूया मामा, त्यात काय."

"बरं तर," मी म्हणालो. "नवी मिळू दे. तवर लेक हितं ऱ्हाईल. शाळेला सिटी बसनं जाईल."

ते मोठ्यानं हसले. मला थट्टेची खोड आहे, हे त्यांना माहीत. मी काही हसलो नाही.

"अवो, काय बोलताय हे!" बायको कळवळून म्हणाली.

जावयांचं हसू हळूहळू उतरलं. ते उठले, हात पुसले आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले, "चल गं, उशीर होतोय."

लेक गाडीकडं गेली. मागचं दार उघडलं, आपली पिशवी काढली आणि घरात आणून ठेवली.