मेहुण्याने मला डॉक्टर केले

माझ्या मेहुण्याने मला फसवले. लातूरच्या बाजारात गोणी उचलण्यापासून सुरुवात करून मी आज तूर, सोयाबीनचे सौदे करतो, भल्याभल्यांना भाव पाडायला लावतो. पण नांदेडच्या या किडकिडीत चित्रकाराने मला साफ गंडवले.

एवढा भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि याचा धंदा काय, तर भुतांच्या चित्रकथा काढणे! हडळी तो भर दुपारी, गच्चीवर छत्रीखाली बसून काढतो. दिवस कलला की काढलेली पाने शेजारी ठेवायला देतो, कारण ती घरात असली की याला झोप लागत नाही. शेजारीण एकदा कावून म्हणाली, "दूध ठेवा, चावी ठेवा, पन ही बया आमच्या फ्रीजवर नको." घाबरलेले चेहरे जमवायचा तर त्याला नादच. एसटीत कंडक्टरलाच म्हणाला, "साहेब, जरा भिऊन दाखवता का?" कंडक्टर म्हणाला, "आधी तिकीट काढ, मग भितो." याने तिकीट काढले, वही उघडून त्याच्याकडे टक लावून पाहिले, आणि तो बिचारा मुदखेडपर्यंत खरोखरच भीत राहिला.

"दाजी, तुम्हाला गोष्टीत घेतो," असा त्याने शब्द दिला होता. मला वाटले, भुताच्या झिंज्या धरणारा मांत्रिक करेल, गेला बाजार फौजदार. अंक हातात आला तर मी मानसोपचार डॉक्टर! खुर्चीत बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. समोर हडळ रडते आहे आणि मी गप्प. मी फोनवर कडाडलो, "अरे, एक तरी थोबाडीत मारू दे की तिच्या!"

"न्हाई दाजी. तुम्ही ऐकून राहिले."

"निदान पुढच्या अंकात दहा चौकटी दे."

"चार."

"आठ. आणि मिशा दाट कर."

"चारच. मिशा देतो."

ज्याच्यापुढे व्यापाऱ्यांना घाम फुटतो, तो मी चारवर आलो.

खरी चोरी मागाहून लक्षात आली. गप्प बसणे ही माझी बाजारातली विद्या. विकणारा बोलू लागला की मी डोळे मिटून ऐकतो. त्या शांततेला कंटाळून तो आपणच भाव खाली आणतो. या गाढवाने तीच उचलून डॉक्टरला दिली. डॉक्टर बोलत नाही, भूत बोलत राहते, बोलून हलके होते आणि आपल्या वाटेने जाते.

आमच्या वरच्या मजल्यावर क्लाससाठी आलेल्या मुली भाड्याने राहतात. त्यांनी अंक वाचला आणि मिशांवरून मला ओळखले. त्यातली जळकोटची मुलगी खाली येऊन पायरीवर बसली. "काका, पेपर समोर आला की मी पहिलाच प्रश्न दहादा वाचत बसते." मी सवयीने डोळे मिटून घेतले. ती क्लासचे बोलली, घरच्या अपेक्षांचे बोलली, थोडी रडली आणि शेवटी आपणच म्हणाली, "एवढं बी काही न्हाई म्हणा." दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली. तेव्हापासून मला घरात ओरडायची सोय उरलेली नाही. बायको हळूच म्हणते, "वरच्या पोरी ऐकून राहिल्या, डॉक्टर!" बाजारात हमालावर तोंड टाकावे, तर तो समोर बसून सासूचे गाऱ्हाणे सुरू करतो.

आणि आता, नव्या अंकात, मेहुण्याने डॉक्टरला विहिरीत उतरवले. आतून कोणी तरी हाक मारली म्हणून हा शहाणा ऐकायला गेला! शेवटच्या चौकटीत काठावर नुसत्या चपला. फोन केला तर म्हणतो, "जाऊ द्या दाजी, लहानसं पात्र हाय. कोणाच्या ध्यानात राहतंय?"

मुलींची परीक्षा तोंडावर आली आहे. काल त्या पायरीवर येऊन बसल्या. जळकोटची म्हणाली, "काका, डॉक्टर विहिरीतून वर येतील ना?" मी डोळे मिटले. पहिल्यांदाच माझ्या गप्प बसण्याने कोणाचे काही हलके झाले नाही.

भित्र्या, तुझी भुते तुला लखलाभ. पण या मुलींना मी काय सांगायचे, याचा जबाब मला फोनवर नको. लातूरला ये, त्या पायरीवर त्यांच्यासमोर बस, आणि दे.